हुप्पाजीरावांचं हिरवं बटण

एका जंगलात, बाळांनो, एक वेबसाइट होती. कशाला होती, ते विचारायचं नाही. शेजारच्या जंगलात होती म्हणून होती.

तिच्यावर एक बटण होतं, ‘वाघ आला’. एकदा दाबलं की हत्ती मदतीला निघत. पुन्हा दाबलं की परत फिरत.

सगळ्या बटणांचे रंग कासवआजोबा एका वेगळ्या वहीत लिहीत. बटणावर पंजा आला की पिवळं, दाबलं की लाल. लाल दिसलं की हत्ती निघाले असं समजून प्राणी निवांत बसत.

मग हुप्पाजीराव माकड कामावर आले. ते म्हणाले, “एवढ्याशा रंगासाठी वहीपर्यंत कोण जाणार? मी बटणाच्या अंगावरच लिहितो!”

लिहिलं, ‘हिरवा’. आणि त्या वेबसाइटचा नियमच असा, की अंगावर लिहिलेलं वहीच्या वरचढ. आता दाबा नाहीतर बडवा, बटण हिरवंच. सिंहमहाराज खूश झाले. त्यांना हिरवा आवडे.

एके दिवशी वाघ आला. चिमाबाई सशिणीनं बटण दाबलं. हत्ती निघाले. बटण हिरवंच, म्हणून तिनं पुन्हा दाबलं. हत्ती फिरले. असं अकरा वेळा झालं. हत्तींना घेरी आली. चिमाबाईचा अर्धा कान गेला, पण जीव वाचला.

“अहो हुप्पाजीराव, वहीत लिहा ना! घरी तीन पिल्लं आहेत माझी.”

“वही जुनी झाली, बाई. मी सुतारपक्षी नेमतो.”

पक्ष्यानं बटणावर डोळा ठेवायचा. कुणी दाबलं की ओरडायचं, “दाबलं!” मग हुप्पाजीरावांनी झाडावरून उतरून लाल लिहायचं. पंजा उचलला की पक्ष्यानं “उचलला!” म्हणायचं. की पुन्हा हिरवा. चारशे बटणं, चारशे पक्षी. जंगलानं टाळ्या वाजवल्या. मूर्ख कुठले!

वाघ पुन्हा आला. चिमाबाईनं बटण दाबलं. “दाबलं!” पक्षी ओरडला. हत्ती निघाले. हुप्पाजीराव अजून फांदीवरच होते. बटण हिरवं बघून चिमाबाईनं घाबरून परत दाबलं. हत्ती फिरले. तेवढ्यात हुप्पाजीराव पोचले आणि त्यांनी सुबक अक्षरात लिहिलं, ‘लाल’.

चिमाबाईला हायसं वाटलं. बटणावर पंजा ठेवून ती निवांत बसली. वाघही निवांत आला.

पंजा तिनं उचलला नाही, म्हणून पक्षी ओरडला नाही. बटण अजून लाल आहे. महाराज आता म्हणतात, लालही छान दिसतो. हुप्पाजीरावांना बढती मिळाली. पिल्लांचं कुणी विचारलं नाही, याचा मला फार राग येतो.

तात्पर्य : जंगलात नोकरी टिकवायची तर वाघाची नव्हे, रंगाची काळजी घ्यावी. वाघ कधीतरी येतो, महाराज वेबसाइट रोज बघतात.