मन्मथअप्पांचा गेमिंग कॉम्प्युटर

आमच्या समोरचे मन्मथअप्पा कुठलीही वस्तू घेण्याआधी ती गदागदा हलवून बघतात. खुर्ची, कपाट, पाण्याची टाकी, काहीही. त्र्याण्णवच्या भूकंपापासूनची खोड. भाच्यासाठी मुलगी बघायला गेले तर पोहे येईपर्यंत त्या घराचा जिना हलवून झाला होता. सोयरीक मोडली. "पोरगी चांगली होती अक्का, जिना डुगडुगत होता," असं वर मलाच सांगितलं.

जन्मभर कापडाचं दुकान चालवल्यामुळं त्यांचं दुसरं पालुपद "मधलं दाखवा". लई भारी नको, लई हलकं नको. एकदा डॉक्टरलाही म्हणाले, गोळी मधली द्या.

अशा माणसानं गेमिंग कॉम्प्युटर घ्यायचं काढलं. तेही लातुरात, क्लासच्या पोरांनी भरलेल्या आमच्या गल्लीत, जिथं घरमालक टीव्हीची वायरसुद्धा काढून ठेवतात.

कारण त्यांची नात संजीवनी. डॉक्टरकीच्या क्लाससाठी निलंग्याहून येऊन अज्जाकडं राहिली होती. निकाल लागला, मार्क कमी पडले, आणि पोरगी वरच्या खोलीत गप्प झाली. रडणं नाही, भांडण नाही. गल्लीतल्या पोरांचे डबे मीच करते. तिचा डबा भरलेलाच परत यायचा. अप्पांनी विचारलं, बाई, तुला काय पाहिजे? ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली, गेमिंग कॉम्प्युटर. म्हाताऱ्यानं पिच्छा सोडावा म्हणून म्हणाली, हे मला कळलं. अप्पा दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन निघाले.

भाव करायला मला सोबत नेलं. दुकानदारानं आतून लाल-निळे दिवे लागणारी काचेची पेटी दाखवली. अप्पांनी ती हलवली. मग टेबल हलवलं. मग दुकानदाराचा स्टूल हलवला, वर दुकानदार बसलेला असताना.

"काच नको. पत्र्याची द्या. मधली."

दुकानदार बिचारा सोशिक. त्यानं सावकाश समजावलं. ह्या बोर्डावर सगळं बसतं. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. ग्राफिक कार्ड चांगलं असलं की खेळातलं चित्र अडखळत नाही, म्हणून पैसा त्यात घाला, दिव्यांत नको. अप्पांनी मान डोलवली आणि बोर्ड एका कंपनीचं, प्रोसेसर दुसऱ्या कंपनीचा उचलला. हा ह्याच्यात बसत नाही, असं तो कळवळून सांगत होता. अप्पा म्हणाले, बसवू की.

घरी येऊन ते अंगणात, बरोबर पोरीच्या खिडकीखाली बसले. हातात हातोडी. पहिला ठोका पडायच्या आत खिडकी उघडली.

"अज्जा, काय करायलात?"

"मेंदू बसवायलो."

"तो ह्या बोर्डात बसत न्हाई."

"का बरं?"

का ते तिला सांगावं लागलं; मोबाइलवर बघून तिला हे ठाऊक होतं. अप्पांनी तो बदलून आणला, तर सोबतची रॅम जुन्या पद्धतीची निघाली. तेव्हा ती अर्ध्या जिन्यापर्यंत आली. मग कार्ड आणलं ते पेटीपेक्षा लांब. अप्पांनी शांतपणे पत्रा कापायची कात्री काढली. पोरगी अनवाणी धावत खाली आली, कात्री हिसकावली आणि आजोबाला असं झापलं की गल्लीतली पोरं गच्चीवर जमली. झापता झापता माझ्या हातातली अर्धी भाकरी खाऊन गेली. तिला पत्ताही नाही.

ती सामान घेऊन आत गेल्यावर मी अप्पांना धरलं. म्हटलं, दुकानदार पहिल्या दिवसापासून घसा फोडून सांगतोय, कान फुटले का तुमचे?

"ऐकलं होतं की अक्का."

"मग?"

अप्पा हातोडी पुसत बसले. हळूच म्हणाले, "भूकंपात बहिणीच्या गावी गेल्तो. ती दगडाखाली होती, पण आवाज येत होता. अशा माणसाला बोलतं ठेवावं लागतंय. कायबी विचारायचं. मी एकटाच दगड उपसत बसलो, बोलायचं राहिलं."



तेवढ्यात आतून संजीवनी ओरडली, ही असली वायर कुणी आणली म्हणून.

अप्पांनी हातोडी खाली ठेवली.

"म्या आणली बाई. चुकली का? काय चुकलं, सांग बरं."