आयएसओ एक लाख दोन हजार चारशे

ओळखपत्र कार्यालयाच्या फोटो-खोलीत नवा कॅमेरा आला आणि दुसऱ्याच दिवशी तिथल्या चारही ट्यूबलाइट काढून नेण्यात आल्या. कारण सरळ होतं. खोक्यावर छापलं होतं, 'आयएसओ १,०२,४००. अंधारातही फोटो!' मोठ्या साहेबांनी ते वाचून शेरा मारला, 'सबब, दिवे अनावश्यक.' खोलीच्या एकुलत्या एका खिडकीसमोर फायलींचं कपाट उभं राहिलं. उजेडच लागत नाही म्हटल्यावर खिडकीचं तरी काय लोणचं घालायचंय?

फोटोग्राफर या कामात बावीस वर्षं मुरलेला. तो साहेबांकडे गेला.

"साहेब, आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची उजेड ओढायची ताकद. ती एवढी चढवली की फोटोत दाणे येतात. तोंडावर वाळू फेकल्यासारखं दिसतं."

"कॅमेरा फोटो काढतो की नाही?"

"काढतो, पण..."

"मग तुमच्या 'पण'साठी वेगळी फाइल उघडू का?"

झालं! पहिल्या आठवड्यातच तपासनीस बाईंनी प्रत्येकाच्या 'ओळखीच्या खुणा' या रकान्यात 'संपूर्ण चेहऱ्यावर ठिपके' अशी नोंद केली. तक्रारी आल्या. दिवा लावणं म्हणजे चूक कबूल करणं, म्हणून साहेबांनी दाणे पुसणारं सॉफ्टवेअर आणवलं. त्याने दाणे पुसले, सोबत सुरकुत्या, तीळ, व्रण आणि एका हवालदाराच्या मिशाही पुसल्या. सगळे चेहरे सोललेल्या बटाट्यासारखे गुळगुळीत. आता फोटो माणसाशी जुळेना. लगेच परिपत्रक निघालं: 'चेहरा छायाचित्राशी जुळता ठेवण्याची जबाबदारी सर्वस्वी अर्जदाराची राहील.'

आणि लोक? लोकांनी ती घेतली की! फाटकाबाहेर ब्यूटी पार्लर थाटलं गेलं. माणसं मिशा उतरवून, पावडर थापून, फोटोसारखी होऊन आत येऊ लागली. वर एकमेकांना सांगायची, "तासाभरात काम होतं हो!" फोटोग्राफरनेही तोंडात मिठाची गुळणी धरली होती. नोकरी होती ना!

मग एका मंगळवारी त्याची आई रांगेत येऊन उभी राहिली.

आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशन गुरुवारी. ओळखपत्राशिवाय दवाखाना दारात उभं करत नव्हता आणि ही तारीख हुकली तर पुढची आठ महिन्यांनी. लेकाने फोटो काढला. तपासनीस बाईंनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा आईकडे.

"आजी, ही बाई पस्तिशीची आहे. तुम्ही वय बहात्तर लिहिलंय."

"अगं, हा समोर उभा आहे तो माझा मुलगा. त्यानेच काढलाय फोटो."

"असेल. पण फोटोत हनुवटीवर तीळ नाही, तुमच्या आहे. तो काढून या."

फोटोग्राफरचं डोकं सणकलं. त्याने कपाटाला खांदा लावला आणि सगळा जोर करून ते बाजूला सारलं. खिडकीतून ऊन आत आलं. त्याने सॉफ्टवेअर बंद केलं, आयएसओ शंभरावर आणला आणि फोटो काढला. सुरकुती न् सुरकुती, तीळ, कपाळावरची जुनी खोक. आई जशीच्या तशी आली होती.

मोठे साहेब धावत आले. त्यांनी फोटो उलटसुलट करून पाहिला.

"बनावट आहे. आपल्या कार्यालयाचा एकही फोटो इतका स्पष्ट नसतो."

अर्ज फेटाळला गेला. फोटोग्राफरच्या हातात 'विनापरवाना उजेड' या सदराखाली कारणे दाखवा नोटीस पडली. आईने टेबलावरचे तयार फोटो उचलून डोळ्यांशी नेले.

"अरे, मला माणसं अशीच दिसतात. तुझ्या साहेबांना कुणी ऑपरेशनची तारीख दिली नाही का रे?"

रांग खो खो हसली. गुरुवार मात्र आला तसा गेला. आई अजून भिंतीला हात लावत न्हाणीघरात जाते.

एक सांगायचं राहिलं. कपाट परत खिडकीसमोर लावायला साहेबांनी सांगितलंच नव्हतं. त्यांनी तोंड उघडायच्या आधीच रांगेतून ओरडा झाला होता, "अहो, बंद करा ती खिडकी! डोळ्यांवर येतंय! आमचा नंबर जाईल!" आणि चारपाच जणांनी पुढे होऊन कपाट स्वतःच ढकललं होतं.

तुमचं ओळखपत्र पाकिटातच असेल ना? काढा जरा. चेहरा गुळगुळीत आला असेल, तर त्या मंगळवारी तुमचा हात कपाटाला होता की नुसता आवाज होता, तेवढं आठवून पाहा.