अर्धा खोका चिचा

चिचा फेकायची नाही, एवढंच मी त्या सकाळी ठरवलं. माणसानं आयुष्यात एखादा तरी निर्णय ठामपणे घ्यावा! (माझे बाकीचे माझी बायको ओमायरा घेते.)

आमची पोरगी युलेसी त्या दिवशी अकराच्या बसनं चिलीला निघाली होती, कायमची. आमच्या या माराकाइबो शहरात राहून करणार काय? आदल्या संध्याकाळी तिनं चिचाचा, म्हणजे तांदूळ-दुधाच्या गोड पेयाचा, खोका फोडला, एक पेला प्यायली आणि उरलेला फ्रिजमध्ये ठेवला. तासाभरात दिवे गेले. सकाळी नऊ वाजले तरी फ्रिज आपला काळाठिक्कर.

"ओत ती मोरीत," ओमायरा म्हणाली. ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. "फोडलेलं दूध बाहेर दोन तास टिकतं. आपल्या उकाड्यात एकच."

"बाहेर कुठंय? फ्रिजमध्ये आहे."

"एर्मेस, वीज नसलेला फ्रिज म्हणजे कपाट!"

मी खोका हुंगला. दालचिनीचा वास आला. "बावीस वर्षं नोंदणी कचेरीत काढलीत मी," मी म्हणालो. (त्याचा चिचाशी काय संबंध, हे मला आजही सांगता येणार नाही.) खरं कारण वेगळंच होतं. पोरीनं ठेवलेली शेवटची वस्तू मोरीत ओतायची? कसं सांगणार? म्हणून दोन पेले भरले आणि उभ्याउभ्या रिचवले.

"जरा आंबट होती का?" ओमायरानं विचारलं.

"मुळीच नाही." (होती.)

पावणेअकराला बसतळावर युलेसीनं मला मिठी मारायला हात पसरले आणि माझ्या पोटात कुणीतरी फर्निचर सरकवलं. "आलोच!" म्हणून मी पळालो. संडासात पाणी नव्हतं, कडी नव्हती, रांग मात्र होती. आत बसल्याबसल्या मी बसचा भोंगा ऐकला. एकदा. मग दुसऱ्यांदा, लांबून.

बाहेर आलो तर फलाट रिकामा. ओमायरा एकटीच उभी होती, हातरुमाल चुरगळत.

"खिडकीतून तुलाच शोधत होती," ती म्हणाली. "मान मोडेस्तोवर."

बोलायला वेळ नव्हता. पुन्हा आत जावं लागलं.

संध्याकाळी सीमेवरून युलेसीचा फोन आला, मी तो स्पीकरवर टाकला. "बाबा, तू रडायला आत गेला होतास ना? मला कळलं होतं. मी सगळ्या बसला सांगितलं, माझ्या बाबाला माझ्यासमोर रडता येत नाही."

चोवीस वर्षांत पोरीनं माझ्याबद्दल इतकं चांगलं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. "हो गं," मी म्हणालो.

मी ओमायराकडे पाहिलं. तिच्या एका शब्दानं सगळं संपलं असतं. तिनं माझ्या हातातून फोन घेतला.

"खरंय, राणी," ती म्हणाली. "फार लागलंय त्याला. अजून दर दहा मिनिटांनी आत जाऊन रडतोय."