पियानोची डावी बाजू

आमच्या वाशीच्या बिल्डिंगमधले विजयकर पियानो फक्त डाव्या हाताने वाजवत. उजवा हात मांडीवर निवांत पडलेला असे, पेन्शनीत निघालेल्या माणसासारखा.

त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीची गोष्ट. पाणी तेव्हा दिवसाआड यायचं, पण विजयकरांचा पियानो रोज यायचा. गिरगावातलं वडिलांचं घर सोडून ते खाडीपलीकडे आले ते हे धूड घेऊनच. तुर्भ्याच्या बाजारातल्या हमालांनी ते दुसऱ्या मजल्यावर चढवलं. "कांद्याच्या गोणीला निदान कान असत्यात," त्यातला एक घाम पुसत म्हणाला, "ह्येला धरायचं कुठं?"

लहानपणी अर्धवट सुटलेलं शिक्षण विजयकरांनी पन्नाशी उलटल्यावर पुन्हा सुरू केलं. शिकवायला फर्नांडिस मास्तर येत. बिचारे "आता उजवा हात" म्हणून थकले. विजयकरांचं उत्तर ठरलेलं, "ती बाजू आपली नाही." सोसायटीची टाकी वाहतेय म्हणून सांगायला गेलं तरी हेच. शेवटी मास्तरांनी नाद सोडला आणि चहा-बिस्किटांत लक्ष घातलं.

बरं, बसायचे तेही बाकाच्या डाव्या टोकाला, अर्धे अधांतरी. मी एकदा मोकळ्या जागेवर टेकलो, तर म्हणाले, "जरा खुर्ची घ्या ना." चालीचा पत्ता नाही, नुसतं धुम-धुम. वरातीतून बँडवाले पळाले आणि ढोलवाला एकटाच मागे राहिला, असं वाटे.

खालच्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांनी शेवटी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला, "एक तर दोन्ही हातांनी वाजवा, नाहीतर विकून टाका." सगळ्यांचे हात वर गेले. विजयकर एवढंच म्हणाले, "भाऊबीज होऊ द्या."

भाऊबीजेचं काय, ते विजयकरवहिनींनी आमच्या हिला सांगितलं. विजयकर आणि त्यांची थोरली बहीण नलूताई लहानपणी एकाच बाकावर बसून वाजवत. ताई उजवीकडे, हे डावीकडे. पुढे ताईने परजातीत लग्न केलं, वडिलांनी दार लावलं, आणि भाऊ गप्प बसला. ताईने पुन्हा तोंड दाखवलं नाही. वडील गेल्यापासून हे दर भाऊबीजेला बोलावणं धाडतात, पाट मांडून बसतात आणि जेवणं खोळंबली की उठतात. हे ऐकून मला फार वाईट वाटलं. पण विकायचं तर ठरलंच होतं; यंदाच्या बोलावण्यात त्यांनी तेही लिहिलं होतं म्हणे.

भाऊबीजेच्या दुपारी खाली रिक्षा थांबली. पांढऱ्या केसांच्या एक बाई दम खात जिना चढल्या. विजयकरांचं दार उघडंच होतं, ते पियानोपाशी बसले होते. ओवाळण्याचं तबक तसंच राहिलं. बाईंनी आधी पियानोकडे पाहिलं, मग भावाकडे.

"सरक जरा."

"सरकलेलोच आहे, ताई."

मग दोन्ही बाजूंनी वाजलं. खरं सांगायचं तर भयंकर वाजलं. तक्रार घेऊन निघालेले कुलकर्णी जिन्यातच थांबले. ताई मध्येच चाल विसरल्या. विजयकर मात्र थांबले नाहीत. तेच आपलं धुम-धुम वाजवत राहिले, तिला आठवेपर्यंत.