झोर्नित्साची हरण्याची परीक्षा

हरण्याचं आता आपल्याला काडीइतकंही वाटत नाही, असं झोर्नित्साने बुधवारी सकाळी दात घासताना आरशाला सांगितलं. आरशाने हरकत घेतली नाही. तेवढ्यावर ती खूश झाली.

हे एक वाक्य म्हणता यावं म्हणून तिने सात महिने घालवले होते. मुलगी कालिना झाली आणि झोर्नित्सा पिठाच्या गिरणीतल्या नोकरीतून बाळंतपणाच्या रजेवर आली. नवरा प्लामेन डॅन्यूब नदीवरच्या मालवाहू बोटीवर, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. दुपारी बाळ झोपलं की घरात इतकी शांतता, की फ्रिजशी दोन शब्द बोलावेसे वाटत. पण संख्याशास्त्रात पहिली आलेली बाई फ्रिजशी बोलून बोलून किती बोलणार? तिने संगणकावर पोकर सुरू केला. दोन सेंटचं टेबल. डॅन्यूबकाठच्या त्यांच्या रुसे शहरात तेवढ्यात सूर्यफुलाच्या बियांची पुडीसुद्धा येत नाही, आणि झोर्नित्सा मात्र ते दोन सेंट गेले की घरावर जप्ती आल्यासारखा चेहरा करी.

पहिल्या महिन्यात ती न शिकता हरली. दुसऱ्या महिन्यात पुस्तकं वाचून हरली. तिसऱ्या महिन्यात तिने शिकवणी लावली.

शिकवणारा लाचेझार वार्ना शहरातला. वय तेवीस. मिशी फुटावी की नाही याचा निर्णय त्याच्या ओठावर अजून व्हायचा होता. तरी झोर्नित्सा त्याला 'सर' म्हणे, कारण समोरच्याच्या हातात काय आहे ते तो काचेच्या बरणीतलं लोणचं ओळखावं तसं ओळखी. त्याचा मंत्र एकच. "जिंकलात का, हे विचारू नका. बरोबर खेळलात का, ते विचारा. पत्ते कोणाच्या बापाचे नसतात."

मग आली साडेसाती. तीन आठवडे तिचं सगळं बरोबर होतं आणि सगळं जात होतं. हातात एक्क्यांची जोडी, तर समोरचा सत्ती-दुरी घेऊन जिंके. सर म्हणत, "हरल्यावर उठा, पाणी प्या, राग दहापैकी किती ते वहीत लिहा." ती उठे, पण पाण्याऐवजी हातात भांडं घेई. त्या तीन आठवड्यांत तिने सगळ्या कढया तळापर्यंत घासल्या. एकदा तर कालिनाचा हिरड्या शिवशिवल्यावर चावायचा रबरी जिराफ तिने स्वतःच चावला.

सासूबाई त्सोन्का हे सगळं पाहत होत्या. त्या वरच्याच मजल्यावर राहत आणि 'सहज' म्हणून दिवसातून नऊ वेळा खाली येत. सून कढया घासतेय, जिराफ चावतेय, डोळे लाल. त्यांनी एकच अर्थ काढला आणि अंगणातल्या बाकावर जाहीर केला. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे मिंचोकाका जिन्यात झोर्नित्साच्या पोटाकडे बघून म्हणाले, "या खेपेला मुलगा होऊ दे."

पण साडेसातीसुद्धा कधीतरी संपते. वहीतला राग नवावरून सहावर, सहावरून तिनावर आला, आणि एके दिवशी सरांनी विचारलं, "मला नवशिक्यांना शिकवायला माणूस हवंय. रोज दुपारी दोन तास, घरबसल्या. कराल?"

झोर्नित्साला खुर्चीत बसल्या बसल्या तरंगल्यासारखं झालं. एक सप्टेंबरला तिची रजा संपत होती. म्हणजे सकाळी सात वाजता पिठाची गिरणी आणि कालिना पाळणाघरात. त्या पाळणाघरात जाऊन ती तीनदा गुपचूप बघून आली होती. चौदा मुलं, अकरा नाकं वाहती, आणि खेळायच्या वाळूत एक मांजर, ज्याचे इरादे चांगले दिसत नव्हते.

"पण परीक्षा घेईन," सर म्हणाले. "गुरुवारी दीड वाजता, एक तास. कॅमेरा तुमच्या चेहऱ्यावर. जिंकण्याशी मला घेणंदेणं नाही. हरल्यावर तुम्ही काय करता, ते बघायचंय. माझे निम्मे विद्यार्थी एक्के हरले की संगणक फाडकन बंद करून निघून जातात. असा माणूस दुसऱ्याला काय शिकवणार?"

घरात कोणालाच तिने पत्त्यांचं सांगितलं नव्हतं. सासूबाईंना ती म्हणाली, "आई, गुरुवारी माझी परीक्षा आहे. संगणकावर. संभाव्यतेची." यात खोटं काहीच नव्हतं.

'परीक्षा' हा शब्द ऐकताच त्सोन्काबाईंच्या अंगात वारं शिरलं. "मग पाणी ओतायला हवं."

रुसेत कोणी परीक्षेला निघालं की घरातलं माणूस उंबऱ्यावर पाणी ओततं. त्या पाण्यावरून चालत गेलं की काम पाण्यासारखं वाहतं.

"अहो आई, मी कुठे जाणारच नाहीये. खुर्चीत बसायचंय."

"प्लामेनच्या ड्रायव्हिंगच्या परीक्षेला मी पाचही वेळा ओतलं होतं."

"चारदा नापास झाले ते."

"चारदा प्लॅस्टिकच्या जगाने ओतलं होतं. पाचव्यांदा तांब्याच्या कळशीने. झाला की नाही पास?"

पाच उदाहरणांवरून काही सिद्ध होत नाही, असं झोर्नित्साने सांगून पाहिलं. शेवटी तोड निघाली. गुरुवारी सव्वा वाजता कालिना झोपली. सासूबाईंनी तांब्याच्या कळशीत जिरॅनियमच्या फुलझाडाची डहाळी घातली आणि दाराच्या उंबऱ्यावर धार सोडली. झोर्नित्सा पाण्यावरून जिन्यात गेली, दोन पायऱ्या उतरली, परत वर आली आणि संगणकासमोर बसली. फोन तिने बाळाच्या पाळण्याशेजारी ठेवला होता, बाळाचा आवाज इअरफोनमध्ये ऐकू यावा म्हणून. उजवा कान पोकरला, डावा कान पोरीला. अशी ती गेले सात महिने जगत होती.

दीड वाजता सर पडद्याच्या कोपऱ्यात उगवले. पहिल्या वीस मिनिटांत झोर्नित्सा तीन डाव हरली आणि तिन्ही वेळा तिचा चेहरा टपाल खात्याच्या खिडकीसारखा राहिला. सरांनी काहीतरी लिहून घेतलं. ते लिहिणं चांगलं होतं.

इकडे स्वयंपाकघरात सासूबाईंच्या डोक्यात एक भयंकर विचार आला. सूनबाई पाण्यावरून बाहेर गेली, ते ठीक. पण त्याच पाण्यावरून ती आतही आली. म्हणजे नशीब गेलं वाहत जिन्यात आणि सून बसली कोरडी घरात! आपल्याच हाताने आपण पोरीची परीक्षा बुडवली. आता एकच उपाय होता. परीक्षा जिथे चाललीय, तिथेच ओतायचं.

चपला काढून, कळशी छातीशी धरून, त्या मांजराच्या पावलांनी खोलीत शिरल्या. झोर्नित्साला त्या दिसल्या नाहीत. सरांना मात्र तिच्या खांद्यामागून एक म्हातारी, एक कळशी आणि एक डहाळी दिसली. त्यांना वाटलं, बघू ही लक्ष विचलित होऊ देते का.

नेमके त्याच वेळी झोर्नित्साच्या हातात एक्के आले. जोडी. तिने सगळं लावलं. समोरच्यानेही लावलं. टेबलावर दोघांना सामाईक असलेल्या पाच पत्त्यांतले चार उघडले, ती पुढे. आणि त्याच क्षणी तिचे पाय ओले झाले.

शेवटचा पत्ता उघडला. अठ्ठी. समोरच्याकडे अठ्ठ्यांची जोडी होती, त्याच्या तीन झाल्या. झोर्नित्सा हरली. तिच्या पायाखालून पाणी वाहत होतं, पडद्यावर तिचे एक्के वाहून गेले होते, आणि चेहऱ्यावरची एक रेघ हलली नव्हती. सरांची पेन्सिल थांबली. असा मख्खपणा त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

पाणी टेबलाखालच्या विजेच्या एक्स्टेन्शन बोर्डापर्यंत पोचलं. 'फट्' असा आवाज झाला आणि घरातली वीज गेली.

संगणक बॅटरीवर चालू राहिला, पण इंटरनेटचा डबा विझला. पडद्याच्या कोपऱ्यातून सर नाहीसे झाले. झोर्नित्साच्या तोंडचं पाणी पळालं. एक्के हरल्यावर दुसऱ्याच क्षणाला ती गायब! सर काय समजणार? हेच, की हिनेही फाडकन बंद केलं.

"आई," ती कुजबुजली, "हे काय केलंत?"

"वाहू दे," सासूबाईही कुजबुजल्या. "आता बघ कसं वाहतं."

कुजबुजण्याचं कारण एक तर कालिना, आणि दुसरं म्हणजे दोन वाजून गेले होते. इमारतीत दोन ते चार शांततेची वेळ. जिन्यात तशी पाटी होती आणि पाटीखाली मिंचोकाकांची सही. या वेळात कोणी खुर्ची ओढली तरी ते सगळ्या मजल्यांतून जाणाऱ्या गरम पाण्याच्या नळीवर चमच्याने ठोकत. त्यामुळे पुढची सगळी आपत्ती दबक्या आवाजात पार पडली.

"बोर्डाला हात लावू नका. तुम्ही जिन्यातलं मुख्य बटण बंद करा, मी फोन आणते," असं सांगून झोर्नित्सा रांगत पाळण्याच्या खोलीत गेली. फोनवरून इंटरनेट मिळालं असतं. वाटेत गुडघ्याखाली तोच रबरी जिराफ आला. तो किंचाळला. कालिना कुशीवर वळली. झोर्नित्सा एका गुडघ्यावर, श्वास रोखून, पुतळा झाली. पुतळ्याने मनात वीसपर्यंत मोजलं, फोन उचलला आणि उलट्या पावली रांगत बाहेर आला.

जिन्यात त्सोन्काबाईंनी चष्मा न लावता बटण बंद केलं. ते मिंचोकाकांचं होतं. काका पायजम्यात वर आले.

"त्सोन्के," ते कुजबुजले, "माझा पंखा बंद केलास."

"सुनेची परीक्षा आहे, मिंचो."

"मग माझा पंखा का नापास?"

त्यांनी स्वतःच बरोबर बटण शोधून बंद केलं आणि आत डोकावून बघू लागले. झोर्नित्साने तोवर संगणक कोरड्या स्वयंपाकघरात नेला होता. फोनवरून जोडणी झाली आणि सर दिसले. तिच्या जिवात जीव आला.

"सर, मी बंद केलं नव्हतं. पाणी सांडलं," ती शांतपणे म्हणाली.

"दिसलं मला," सर म्हणाले. "अजून बारा मिनिटं आहेत. खेळा."

सात महिन्यांची तपश्चर्या, आणि फक्त बारा मिनिटं उरली होती. तेवढ्यात सासूबाई चष्मा लावून तिच्या खांद्यावरून वाकल्या.

"हे तर पत्ते आहेत."

"आई, नंतर सांगते."

"आणि तू ही राणी का टाकलीस? ठेवायची होती."

झोर्नित्सा तीन आठवडे हरली होती. एक्के हरून ओल्या पायांनी बसली होती. ते सगळं तिने गिळलं. पण राणी का टाकलीस हे ऐकलं आणि सात महिन्यांचं सगळं धरण एकदम फुटलं.

"टाकायचीच होती!" ती ओरडली. "संख्याशास्त्रात पहिली आलेय मी! आणि तुमची कळशी, तुमची डहाळी, नऊ वेळा खाली येणं, माझ्या पोटात नसलेलं बाळ..."

कालिना जागी होऊन रडू लागली. वरून, खालून, बाजूने नळीवर चमचे वाजू लागले. शांततेच्या वेळेचे पहारेकरी मिंचोकाका समोरच उभे होते, त्यामुळे त्यांना ठोकता येईना. ते नुसतेच कासावीस झाले.

त्सोन्काबाईंनी मात्र कालिनाला आणून कडेवर घेतलं, एक खुर्ची ओढली आणि सुनेच्या शेजारी बसल्या.

"झालं ओरडून? मी अंगणात तीस वर्षं पत्ते खेळतेय. विचार या मिंचोला. एकदा ओळीने अकरा संध्याकाळी हरले."

"बारा," मिंचोकाका कुजबुजले.

"बाराव्या दिवशी तू पत्ते लपवले होतेस, ते मी मोजत नाही. रोज हरले की घरी जायचे आणि घेवडा भिजत घालायचे. घेवडा निवडायचा, धुवायचा, पाणी घालायचं. घेवड्याला काय कळतंय कोण जिंकलं? सकाळी तो फुगलेला असतो. सूप करायचं, खायचं आणि संध्याकाळी परत जायचं. तू कढया घासतेस. कढई झिजते, बाई. राग नाही झिजत."

पडद्यावर सर भराभर काहीतरी लिहीत होते. झोर्नित्साचा तास संपल्याची घंटा वाजली.

"झोर्नित्सा," सर म्हणाले, "खेळ उत्तम. हरणं तर दहापैकी दहा. पण शेवटी तुम्ही ओरडलात."

"हो, सर," ती म्हणाली. तिला पाळणाघरातलं ते मांजर दिसू लागलं होतं.

"या बाई कोण आहेत?"

"माझ्या सासूबाई."

सर जरा पुढे सरकले. "मावशी, घेवडा किती तास भिजवायचा?"

सप्टेंबर आला. झोर्नित्सा पिठाच्या गिरणीत गेली नाही आणि कालिना पाळणाघरात गेली नाही. सरांनी झोर्नित्साला कामावर घेतलं, त्सोन्काबाईंची मदतनीस म्हणून. रोज दुपारी आठ विद्यार्थी आपापल्या घरी कॅमेऱ्यासमोर घेवडा निवडतात, त्सोन्काबाई हरण्याविषयी बोलतात, आणि ज्यांना संख्याशास्त्राबद्दल काही विचारायचं असेल, ते शेवटची पाच मिनिटं झोर्नित्साला विचारतात. अजून कोणी विचारलेलं नाही.

पहिल्या तासाच्या दिवशी झोर्नित्साने आधी विजेचा बोर्ड कपाटावर चढवून ठेवला. मग ती हाताला लागला तो प्लॅस्टिकचा जग भरून उंबऱ्याशी आली. मनात आकस नव्हता. असलाच तर दहापैकी तीनच होता.

सासूबाईंनी जगाकडे पाहिलं.

"कळशी आण, झोर्ने. मला काय प्लामेनसारखं पाचव्यांदा पास व्हायचंय?"