बेबाअक्काच्या भिंतीचं भगदाड

भुसावळच्या आसपास मातीकाम करणारे गवंडी पुष्कळ. पण माझ्या हातचा गिलावा म्हणजे नवरीचा गाल! माशी बसली तर घसरायची. असं लोक सांगायचे. लोक विसरले, तर मी सांगायचो.

सात-आठ वर्षांपूर्वी रेल्वेनं आमच्या गावाकडून मालगाड्यांची नवी लाईन आखली. खुंट्या ठोकत माणसं थेट बेबाअक्काच्या घरात शिरली. एक खुंटी चुलीपाशी! बेबाअक्का आमची शेजारीण, साठीची, एकटी. एका खोलीचं धाब्याचं घर, तेवढंच तिचं जग.

"रूळ टाकायचे त माझ्यावरून टाका," म्हणून ती उंबऱ्यात बसली.

नकाशे काढणारा इव्हान्स साहेब मात्र आत आला, वाकून, तरी कपाळ आपटलंच. कपाळ चोळत तो भिंतींकडे बघत राहिला.

"दीवार मोटा, दरवाजा छोटा, खिडकी एक... ये तो हमारा नानी का घर!"

विलायतेत वेल्स म्हणून डोंगराळ मुलूख आहे, तिथला तो. तिकडेही एका खोलीची बुटकी घरं, एका टोकाला माणसं, दुसऱ्या टोकाला गाय.

"नानी का घर है अभी?" मी विचारलं.

"तोड दिया. हम इधर नोकरी पर था."

मग म्हणाला, घर फार जुनं, जपण्यासारखं आहे असं तो वर लिहील. गुरुवारी मोठा साहेब बघायला येईल. पटलं, तर लाईन वळेल.

मोठा साहेब घरी येणार! आणि भिंती धुरानं काळ्या, कोपरे झिजलेले! पाहुणा येणार म्हटल्यावर घर सारवायचं नाही? गावात याला दुसरं मत नव्हतं. मी दोन दिवस गिलावा केला. बायांनी पांढऱ्या मातीचा हात फिरवला. वाकडी चौकट सरळ केली, तिला गेरू दिला. घर असं झालं की अक्काच दारातून परत फिरली!

"माझं घर कुठी गेलं रे, जीवराम?"

गुरुवारी मोठा साहेब आला. भिंतीवरून बोट फिरवलं.

"पुराना? ये तो नया है! लाईन रोकने को बनाया!"

"साहेब, माझा हातच तसा आहे," मी छाती काढून सांगितलं.

"सोमवार को तोडो!"

इव्हान्स साहेब माझ्याकडे नुसता बघत राहिला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. गिलाव्याखाली तर जुनंच घर होतं! कुदळ उचलली आणि दाराजवळच्या भिंतीत घातली!

"मुडद्या! रेल्वेच्या आधी तूच पाडतो काय?" अक्का किंचाळली.

हातभर ढेकूळ खाली आलं. आत खापरावर भाजलेल्या पुरणाच्या मांड्यांची चळत असावी, तसे थरांवर थर. मोठा साहेब खाली वाकला. अक्का रडत पुढे आली आणि भिंतीवर बोट ठेवत सांगू लागली.

"दर दिवाळीले एक थर. हे माझ्या हातचे. त्याच्या आत सासूचे."

मध्ये एक जाड काळी रेघ होती.

"ये क्या?"

"संवत छप्पनचा दुकाळ. दोन वर्सं गोठ्यात ढोरच नव्हतं, त शेण कुठचं? नुसता धूर बसला. माझा लीलाधर त्यातच गेला. पाच वर्साचा होता."

इव्हान्स साहेबानं मोठ्या साहेबाला हलक्या आवाजात अर्थ सांगितला. मोठ्या साहेबानं टोपी काढली. पेन्सिलीच्या टोकानं थर मोजत गेला. साठाला थांबला, थर अजून होतेच.

लाईन चाळीस हात वळली.

भगदाड मात्र बुजवायचं नाही, असं मोठा साहेब बजावून गेला. दर दिवाळीला अक्का तेवढी जागा सोडून सगळं घर सारवते. आल्यागेल्याला सासूचे थर दाखवते, काळी रेघ दाखवते. मग कोणीतरी हमखास विचारतं, "पण अक्का, हे भगदाड कोणाच्या हातचं?"

"जीवराम गवंड्याच्या," अक्का सांगते.


तेव्हापासून गिलाव्याला मला कोणी बोलावलेलं नाही.