राऊतभाऊंचा चुकलेला फटका

मुलांनो, आपले शेजारी राऊतभाऊ रोज सकाळी वाडीत उभे राहून एका पांढऱ्या चेंडूला फैलावर घेतात. "तिकडे कशाला गेलास? सांग!"

तुमच्याकडे परदेशात गोल्फला म्हणे अख्खी टेकडी लागते. भाऊंना चिकूची वाडी पुरते. भाऊ तारापूरच्या कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा एका परदेशी साहेबाने दिलेल्या गोल्फच्या काठ्या माळ्यावर पडून होत्या. मग इंदूवहिनी आजारातून उठल्या, पण बोलणं-हसणं मागेच राहिलं. डॉक्टर म्हणाले, "त्यांचं मन रमवा." दुसऱ्या कुणी भजनं लावली असती. भाऊंनी अंगणापुढे हिरवळ लावली, मधोमध एक डबा पुरला आणि वहिनींची खुर्ची ओटीवर मांडली.

"एक फटका थेट डब्यात जाऊ दे, ही हसते की नाही बघा!"

फटका जेमतेम पंधरा पावलांचा. पण काठी कधी आधीच मातीत रुते, कधी चेंडूच्या टाळूवर बसे, आणि चेंडू सरपटत माझ्या वाळवणात येई. "रूट कॉज सापडलं पाहिजे!" भाऊ गरजत. कारणांची वही होती. दमट हवा, ओलं गवत, माझा मिक्सर. स्वतः भाऊ त्या वहीत कुठेच नव्हते.

एकदा चिकू उतरवणाऱ्या काशीला राहवलं नाही. "भाऊ, मारायच्या आदीच मान वर का करता? आमी भात लावतो तवा रोप रोवायच्या आदी आभाळ बघतो काय?"

"काशी, हा तांत्रिक विषय आहे."

"मंग ऱ्हाऊ द्या तसाच."

दुसऱ्या दिवशी भाऊंनी मान खाली ठेवली. चेंडू अलगद उडाला आणि डब्यात. टण्! काशीने टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा. वहिनी झाडाकडे बघत होत्या. भाऊंनी सहा वेळा डबा वाजवला. ओटीवर काही हललं नाही.

सातव्या वेळी काठी रुतली. ढेकूळ उडून भाऊंच्याच कपाळावर बसलं, चेंडू जागच्या जागी. ओटीवरून खोकल्यासारखा आवाज आला. ते हसू होतं.

"चुकलं," वहिनी म्हणाल्या.

"चुकलं ना!" भाऊ कपाळ न पुसता म्हणाले.

तेव्हापासून हिरवळीची पार नांगरणी झाली आहे. काशी वैतागते, "एवढं शिकवलं, तरी डोक्यात जात नाय!" भाऊ मान डोलावतात आणि पुढचा चेंडू मांडतात.

मी लवकर उठते, म्हणून मला माहीत आहे. ओटीवरची खुर्ची रिकामी असते तोवर चेंडू एकामागून एक डब्यात पडतात. वहिनी येऊन बसल्या की एकही पडत नाही.